आत्याबाईचं डावं चाक

१

गाडीच्या आधी चाक आलं.

शेवटच्या उजव्या वळणावरून ते एकटंच बाहेर पडलं, प्रेक्षकांच्या कठड्याला धरून शिस्तीत धावत गेलं आणि चहाच्या टेबलापाशी येऊन आडवं झालं. सकाळपासून त्या ट्रॅकवर इतकी सरळ रेघ कोणीच धरली नव्हती. मग गाडी आली. तीन चाकांवर, नाक घासत, ठिणग्या उडवत, आणि टायरांच्या भिंतीत शिरली.

गाडी म्हणजे आत्याबाई. गेल्या पिढीतली दोन दारांची इटालियन कूपे. अंगानं नाजूक, आवाजानं खणखणीत, आणि सगळं हातात आणून दिलं तरी कुठल्या क्षणी रुसून बसेल याचा नेम नाही, म्हणून गॅरेजात तिला हेच नाव पडलं होतं. शर्यतीसाठी तिची मागची सीट काढली होती, आत लोखंडी पिंजरा बसवला होता, बॉनेट फायबरचं केलं होतं, आणि स्प्रिंगा कापून तिला इतकी खाली बसवली होती की वाटेतला कागदी कपसुद्धा बाजूला करून घ्यावा लागे. या सगळ्यात गॅरेजच्या मालकाची हौस होती, मिस्त्रीचे हात होते आणि मालकाच्या धाकट्या भावाचा जीव होता. कारण चालवायचा तो.

तो वाचला. डावा पाय मोडला. बाहेर काढताना त्यानं पहिला प्रश्न विचारला, “गाडी कशी आहे?” त्यावरून डोक्याला मार लागलेला नाही असं डॉक्टरांनी ठरवलं. त्याच्या बायकोचं मत वेगळं पडलं.

क्लबचे तांत्रिक तपासनीस गाडीपाशी पोचले तेव्हा धूळ अजून खाली बसायची होती. पुढच्या डाव्या चाकाच्या जागी नट बसायचे चार स्टड उघडे पडले होते. नट एकही नव्हता. एका चाकाचे नट जातात. लोक विसरतात. तपासनीस खाली वाकले आणि त्यांनी मागच्या डाव्या चाकाच्या नटाला सहज हात लावला.

नट बोटानं फिरला. दुसराही फिरला.

“गाडी आत घ्या,” ते म्हणाले. “आणि आज हिच्याजवळ जे जे होते, त्यांनाही.”

२

तपासनीस कॉलेजात उष्णतेचं शास्त्र शिकवत. या मानाच्या, म्हणजे बिनपगारी पदावर त्यांची निवड झाली ती क्लबच्या ज्या सभेत, तिला ते गैरहजर होते. हजर असलेल्या सगळ्यांनी आपापली सुटका करून घेतली होती.

नियम असा होता की अपघातानंतर गाडी आणि तिला हात लावणारी माणसं एकाच खोलीत ठेवायची आणि निर्णय होईपर्यंत शटर उघडायचं नाही. नियम लिहिणारा भर दुपारी पत्र्याखाली बसलेला नसावा. सकाळी गाडी तयार केली तीच ही खोली; आत पेट्रोलचा दर्प भरलेला, म्हणून पंखा लावायचा नाही. एक उंच खिडकी होती, ती रंगाच्या थरानं कायमची चिकटलेली. उष्णता कुठून कुठे जाते हे तपासनीस वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. आज ती कुठेच जात नव्हती.

बाहेरून कुलूप लावून क्लबचे सेक्रेटरी शटरच्या फटीपाशी उभे राहिले.

“साहेब, दोनच गोष्टी होऊ शकतात. निष्काळजीपणा असेल तर या गॅरेजचा परवाना रद्द. मुद्दाम केलं असेल तर पोलीस. त्यांना मी फोन केलाय.”

“तिसरं काही?”

“नियमात नाही.”

तपासनीसांनी वळून आतल्या चौघांकडे पाहिलं. मालक, म्हणजे थोरला भाऊ, इस्त्रीच्या शर्टात, घामानं भिजत. मिस्त्री, गाडीला टेकून, हात पुसत. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत. धाकट्याची बायको, दवाखान्यात जायला निघालेली आणि पर्ससकट अडकलेली. आणि टायरांच्या चळतीवर ताठ बसलेले तिचे वडील, बँकेतून निवृत्त. जावयाची शर्यत बघायला म्हणून पहाटेच आलेले.

“मला जाऊ द्या,” ती म्हणाली. “त्याच्यापाशी कोणी नाहीये.”

“तुम्हाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल.”

“मग सोडा सगळ्यांना!”

“असं कसं?” तिचे वडील म्हणाले. “माझ्या जावयाचा जीव जात होता. ज्यानं केलं त्याला कळायला नको? मी तर स्पष्ट बोलणारा माणूस. डावीकडचे नट या मिस्त्रीनं सकाळपासूनच ढिले ठेवले होते.”

मिस्त्रीचा हात थांबला. मालक त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाला, “साहेब, हेच मी सांगणार होतो.”

३

“सांगा, मिस्त्री.”

“काय सांगू? टॉर्कच्या, जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं सोळाही नट आवळले. प्रत्येकावर पिवळी रेघ ओढली, नटावरून स्टडवर. रेघ जुळलेली म्हणजे नट जागचा हलला नाही. मग पाना पेटीत ठेवून कुलूप घातलं.” त्यानं गळ्यातली किल्ली दाखवली. “आणि पेट्रोल आणायला गेलो. तोवर इथे कोणीही येऊन जाऊ शकत होतं. हे काय देवघर आहे?”

“आलं कोण?”

“सगळेच आलो,” मालक म्हणाला. “मी चहा प्यायला. ही त्याचं हेल्मेट ठेवायला. काका सावलीत बसायला. पण याचं कारण विचारा की! नोकरी सोडतोय हा. पलीकडच्या गॅरेजवाल्यांनी बोलावलंय. जाता जाता आम्हाला धडा शिकवून जायचं होतं.”

“शेठ, मला जायचं होतं. त्याला वर पाठवायचं नव्हतं.”

“आणि धाकट्याशी परवा भांडण झालं ते?”

“ते कार्बुरेटरवरून. भांडणार नाही तर काय? तो म्हणतो, आणखी मोठे बसव. मी म्हणतो, हिला एवढं पाजलं तर ती धावणार नाही, ओकेल. यावरून माणूस मारतात होय?”

“ते जाऊ द्या, साहेब. मुद्द्याचं ऐका.” मालकानं गिऱ्हाइकांसमोर लावायचा आवाज लावला. “या गाड्यांचं एक वैशिष्ट्य आहे. डावीकडच्या चाकांचे आटे उलटे असतात. आपल्या नेहमीच्या नटाला उजवीकडे फिरवलं की तो घट्ट होतो. इथे डाव्या बाजूला उजवीकडे फिरवलं की ढिला होतो. चाक बसतं ते हब मूळचेच हवेत असा माझा आग्रह होता. अस्सल ते अस्सल. आता मला सांगा, ज्याला हे माहीत नाही तो नट ढिले करायला गेला तर काय होईल? सवयीनं डावीकडे फिरवील आणि उलट आणखी घट्ट करून जाईल. म्हणजे ज्यानं ढिले केले त्याला आटे माहीत होते. आणि ते याच्याइतके कोणाला माहीत आहेत?”

बोलणं बिनतोड होतं. कॉलेजात असं उत्तर आलं असतं तर तपासनीसांनी पूर्ण गुण दिले असते आणि मग पेपर फुटला का याची चौकशी केली असती.

टायरांच्या चळतीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. वडिलांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली होती. ती उचलायला कोणी वाकलं नाही. तेही नाही.

४

“आटे तुम्हालाही माहीत आहेत,” तपासनीस मालकाला म्हणाले.

“अर्थात. मीच तर सांगितले.”

“आणि तुम्हाला?”

धाकट्याची बायको हसली. हसण्यात काही नव्हतं. “लग्नानंतर फिरायला गेलो तेव्हा असल्याच एका गाडीतून नेलं होतं त्यानं. घाटात पंक्चर. मी म्हटलं, मी करते. अर्धा डोंगर उतरून झाला असता एवढा वेळ मी त्या नटाशी झगडत होते आणि तो बाजूला बसून शेंगा सोलत हसत होता. मग सांगितलं, उलटे आटे आहेत म्हणून. अशी गोष्ट बाई विसरते का?”

“म्हणजे तुम्ही ढिले करू शकता.”

“करू शकते. सकाळी याच जागी त्याला म्हटलंही, एकदा चाक निघाल्याशिवाय तुझी खुमखुमी जायची नाही. दादांनी ऐकलंय. साहेबांना सांगणारच होतात ना, दादा?”

मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

“रोजच म्हणते मी हे,” ती म्हणाली. “जेवायला वाढताना म्हणते. खरंच निघेल असं म्हणून म्हणतं का कोणी?” तिनं पर्स या हातातून त्या हातात घेतली. “मला जाऊ द्या ना हो.”

तपासनीसांनी तिला पाणी दिलं आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, “तुमचे वडील नेहमी येतात शर्यतींना?”

“नको म्हटलं तरी. काळजी! घरातून निघताना कुलूप इतकं ओढून बघतात की दाराचा कोयंडाच उखडला. गॅसचं बटण, नळ, सगळं. मागच्या वेळी इथे बॅटरीची तार नीट बसलीय का बघायला गेले आणि शॉर्ट करून ठेवली. तेव्हापासून मी बजावलंय, बाबा, गॅरेजात कशालाही हात लावलात तर याद राखा. बिचारे हात मागे बांधून बसतात.”

वडील खरोखरच हात मागे बांधून बसले होते. मघाचा स्पष्ट बोलणारा माणूस आता बोलत नव्हता. ते मिस्त्रीकडेही बघत नव्हते. त्याचे बूट दिसतील इतकीच त्यांची नजर वर येई आणि परत फिरे.

बाहेर गाडीचे ब्रेक वाजले. फटीतून सेक्रेटरींचा आवाज आला, “साहेब, जीप आली. कोणाला न्यायचं?”

“थोडं थांबायला सांगा.”

“ते म्हणतात, मिस्त्री ना? तसं फोनवर मालकांनी आत यायच्या आधीच कळवलंय.”

मिस्त्रीनं फडकं नीट घडी घालून बॉनेटवर ठेवलं. “चला तर मग,” तो म्हणाला. “नाहीतरी इथे उकडतंय.”

५

“बसा,” तपासनीस म्हणाले.

बसायला जागा नव्हती, म्हणून मिस्त्री उभाच राहिला. तपासनीसांनी आत्याबाईला फेरी मारायला सुरुवात केली. फार काही मनात होतं असं नाही. कोंडलेला माणूस फेऱ्या मारतोच, आणि ही खोली अशी होती की फेरी मारायची तर गाडीभोवतीच. आतापर्यंत सगळे डाव्या बाजूला घोटाळत होते. चाक तिथलं गेलेलं, ढिले नट तिथले. उजव्या बाजूला, भिंतीच्या बोळात, कोणी गेलंच नव्हतं. तपासनीस पोट आत घेऊन तिथे शिरले आणि चाकापाशी उकिडवे बसले.

बराच वेळ ते वर आले नाहीत.

“साहेब?” मालकानं हाक मारली. “बरं वाटतंय ना?”

“टॉर्च द्या.”

उजव्या चाकांवरच्या पिवळ्या रेघाही तुटल्या होत्या. फार नाही, केसभर. नटावरचा तुकडा स्टडवरच्या तुकड्याच्या किंचित उजवीकडे सरकलेला. आठही नटांवर तसाच. ते धडपडत बाहेर आले आणि मागच्या डाव्या चाकावर वाकले. तिथे रेघा पाव फेरा हललेल्या. त्याही उजवीकडेच.

त्यांनी टॉर्च विझवला. उत्तर त्यांच्या हातात होतं आणि ते हातातून टाकायला जागा नव्हती. बाहेर नेऊन कोणाच्या कानात सांगावं तर शटर बंद. कोपऱ्यात घेऊन जावं तर कोपऱ्यात काढलेली सीट. जे काय बोलायचं ते सगळ्यांसमोर, तिच्यासमोर.

“मालक, तुमचं उत्तर बरोबर होतं,” ते म्हणाले. “फक्त प्रश्न चुकला. तुम्ही डावी बाजूच बघितलीत. ज्याला घातपात करायचा आहे आणि आटे माहीत आहेत, तो डावीकडचे नट ढिले करील आणि निघून जाईल. तो उजव्या बाजूला जाऊन तिथले नट आणखी घट्ट का करत बसेल?”

“उजवे घट्ट आहेत?”

“मिस्त्रींनी आवळले त्याहून जास्त. सगळ्या नटांना एकाच माणसानं एकेक हिसका दिलाय, सगळ्यांना एकाच दिशेनं. उजवीकडे. उजव्या बाजूचे त्यामुळे आवळले गेले. डाव्या बाजूचे सुटले. आपण त्या माणसाचा हेतू शोधत होतो, पण डाव्या बाजूला त्याची चूक आहे. हेतू उजव्या बाजूला आहे.”

मिस्त्रीनं मान वर केली. त्याला कळलं होतं. त्यानं कोणाकडे बघायचं टाळलं, आणि टाळण्याची दिशा इतकी स्पष्ट होती की तपासनीसांना त्याच्यापुढे उभं राहावं लागलं.

“त्याला नट आवळायचे होते,” तपासनीस पुढे म्हणाले. “गाडीत बसणाऱ्याला काही होऊ नये म्हणून. त्याला आटे माहीत नव्हते एवढंच. टॉर्कचा पाना कुलपात, म्हणजे त्यानं एखाद्या घरच्या गाडीतला साधा पाना आणला. पायानं दाबला असेल. डावीकडचा नट सुटला तेव्हा तो हलला, आणि हलला म्हणजे त्याला वाटलं की हा ढिला होता, बरं झालं मी बघितला.”

इथले तिघे आटे जाणत होते, हे एव्हाना सगळ्यांसमोर आलं होतं. डावीकडचे नट सकाळपासून ढिले होते हे एकानं सांगितलं होतं, आणि ते हात न लावता कळण्यासारखं नव्हतं. पुढचं वाक्य अगदी छोटं होतं. ते आपल्याला म्हणावं लागू नये असं त्यांना फार वाटत होतं.

शटरचं कुलूप खडखडलं. सेक्रेटरींना धीर नव्हता. पत्रा गुडघ्याएवढा वर गेला, आणि फटीतून दोन खाकी पाय दिसले.

“मिस्त्री कोण?” पायांनी विचारलं.

“मीच,” मिस्त्री म्हणाला.

६

“थांबा हो,” वडील म्हणाले. चळतीवरून उतरताना त्यांनी आधाराला हात पुढे केला आणि तो गाडीला लागणार हे पाहून मागे घेतला. “पाना माझ्या डिकीतला आहे.”

मिस्त्रीनं शटरकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

“प्रवासाला निघण्याआधी मी नट बघतो. आयुष्यभर बघत आलो. एकेक दाब, पायानं. उजवीकडचे हललेच नाहीत म्हणा ना. डावीकडचे कुई करून फिरले. मी म्हटलं, बघा, कसे ढिले सोडतात हे लोक. बरं झालं आपण आलो.” ते मुलीकडे वळले. “खरंच म्हटलं मी तसं. मनातल्या मनात. तुला सांगायची सोय नव्हती, तू हात लावू नका म्हणाली होतीस.”

“बाबा.”

“मला काय माहीत ग, असं उलटं असतं म्हणून?”

“कधी कळलं तुम्हाला?”

“आत्ता. हे साहेब सांगत होते तेव्हा.”

“मघाशी,” ती म्हणाली. “दादांनी आटे सांगितले, तुमची बाटली पडली, तेव्हाच कळलं. त्यानंतर जीप आली. ते मिस्त्रींना न्यायला निघाले. आणि तुम्ही बसून राहिलात.”

“तू समोर होतीस,” ते म्हणाले.

आपल्या पर्सची चेन ती उघडत होती आणि लावत होती.

शटर पूर्ण वर गेलं. उजेड आत आला, हवा नाही आली. सेक्रेटरींनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांची पंचाईत झाली होती. “म्हणजे नक्की काय लिहायचं, साहेब? निष्काळजीपणा की घातपात?”

“काळजी लिहा.”

“तसा प्रकार नाही नियमात.”

“सभेत घाला. मी गैरहजर राहीन. आणि तयार गाडी कोणाच्या राखणीशिवाय उघडी टाकली याबद्दल गॅरेजला ताकीद लिहा. परवाना राहू दे.”

मालकानं सुटकेचा श्वास सोडला, शर्ट सारखा केला आणि मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवायला आला. “मिस्त्री, रागाच्या भरात माणूस बोलून जातो. धाकट्याची अवस्था बघून माझं डोकं ठिकाणावर...”

“राग कुठे आला होता, शेठ? तुम्ही शांतपणे म्हणालात.” मिस्त्रीनं गळ्यातली किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. “पुढच्या डाव्या चाकाचे चारही स्टड बदलायला लागतील. त्यांचे आटे गेलेत. नव्या माणसाला सांगा.”

हवालदार अजून उभाच होता. “आता आम्ही कोणाला न्यायचं?” त्यानं विचारलं. रिकामं परत जायची त्याला सवय नसावी.

“मला न्या,” मिस्त्री म्हणाला. “दवाखान्यापर्यंत. आलाच आहात तर. कार्बुरेटरचं भांडण अर्धं राहिलंय आमचं.”

तो जीपमागे जाऊन चढला. मागच्या बाजूला दोन लोखंडी बाकं समोरासमोर, मध्ये जाळी. धाकट्याची बायको इकडेतिकडे न बघता त्याच्यामागून चढली आणि समोरच्या बाकावर, मधोमध बसली. आपली पर्स तिनं शेजारी ठेवली. दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी मोडकं हेल्मेट होतं.

वडील खाली उभे राहिले.

“मला त्याला सांगायला हवं,” ते कोणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. “मीच सांगायला हवं. तिनं सांगणं बरं नाही.” ते मुलीकडे बघत राहिले. ती जाळीतून दुसरीकडे बघत होती. पर्स तिनं उचलली नाही.

मिस्त्री बाकावर सरकला.

“तुमच्या शेजारी बसू?” वडिलांनी विचारलं. “तुम्हाला चालेल?”

“दुसरी जागा कुठाय, काका?” मिस्त्री म्हणाला आणि त्यानं त्यांना वर ओढून घ्यायला हात पुढे केला.

हवालदारानं मागचं दार लावलं, बाहेरून खटका घातला आणि पुढे जाऊन बसला.